त्याचं बोलणं होईपर्यंत

४ जून
पोचलो! वोनोसोबो शहराच्या वरचं, तंबाखूच्या उतारावरचं हे गाव मला चक्क आवडलं. तेंपेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची गरम भजी आहेत, काळी कॉफी आहे, आणि कॉलेज अर्धवट का सोडलंस म्हणून डोकं खाणारा बाप इथे नाही. घरमालकीण इबू यात्मी मला ‘मास’, म्हणजे दादा म्हणते आणि ताटात आग्रहाने वाढते.

गावाचं इंटरनेट मात्र विनोद आहे. छपराछपरावर अँटेना म्हणून तळणीची कढई, तिच्यात यंत्र, आणि ही यंत्रंच एकमेकांचे निरोप पोचवतात. त्यांचा मुख्य कुणी नाही. नियम एकच: आधी ऐकायचं, हवेत कुणी बोलत असेल तर थांबायचं, मग आपलं बोलायचं. तरी रोज दुपारी सगळं ठप्प. कोण कोणाच्या आड येतं, कुठे गर्दी तुंबते, याचं गणित मांडायला कंपनीने मला पाठवलंय. मला घाई वेगळीच आहे. सुराबायात वेनिंगला मागणी घालायला एक दातांचा डॉक्टर येणार आहे, बेडूकतोंड्या. तिने हो म्हणायच्या आत तिला माझ्या मनातलं सांगायचंय.

६ जून
गर्दीबिर्दी काही नाही. दुपारी कुणीच बोलत नसतं! सगळी यंत्रं कुणाचं तरी बोलणं संपायची वाट बघत असतात. कोणकोण गप्प झालं त्यावरून बोलणाऱ्याच्या जागेचा ठिपका नकाशावर काढला: वरची जुनी विहीर. तिथे कढई नाही, वीजही नाही.

हे नेटवर्क सांभाळणारा पाक सुरिप टपरीवर लवंगी सिगरेट ओढत म्हणाला, तो बोलतोय तर बोलू द्या की, मास, तुमची काय गाडी सुटतेय? तो म्हणजे कोण, विचारलं तर टपरी खिदळली. आम्ही कधी मध्ये तोंड घातलं नाही, आम्हाला काय ठाऊक! मिंधी माणसं. यंत्रंही तसलीच.

७ जून
भर दुपारी वेनिंगचा फोन तुटला, मुद्द्यावर येतोय तेवढ्यात. डोकं सटकलं. माझ्या छपरावरच्या यंत्रातला थांबायचा नियमच काढून टाकला आणि त्याच्या बोलण्यावर भसाभसा बोलत सुटलो. तो गप्प झाला. कळल्यावर पाक सुरिप कॉफी अर्धी टाकून उठला. मध्येच तोडलंत त्याला? म्हणजे आता तो ऐकत असणार. मी त्याच्या तोंडावर हसलो.

८ जून
तो विहिरीवर नाही. खाली उतरलाय. शेजारचं छप्पर गप्प आहे. शेजारीण भाजीवाल्याशी भांडत होती, वाक्य अर्धं टाकून उभी राहिली, मान कलती करून. भाजीवालाही. कोंबडेसुद्धा. बावळट कुठले.

९ जून
वेनिंगचा निरोप: सकाळभर किती गोड बोललास! मध्ये थांबून माझं ऐकूनही घेतलंस, पहिल्यांदाच. डॉक्टरला नकार कळवला. उद्याच्या बसने येतेय.

मी सकाळी बोललोच नाही. यंत्र बंद होतं.

१० जून
येऊ नकोस— एवढंच पाठवायचंय. जात नाही. नियम काढलाय, तरी यंत्र थांबतं.

पाक सुरिपकडे धावलो. तोंड उघडलं, आणि आवाज— घशातच थांबला. कुणाचं तरी बोलणं होईपर्यंत. पाक सुरिपने ओठांवर बोट ठेवलं, दार लावून घेतलं.

नकाशावरचा ठिपका माझ्या छपराखाली.

दुपार
बस आली. ती चढ चढतेय. निळी छत्री.

ओरडायला हवं—

ओसरीवर माझ्या आवाजात कुणीतरी तिला हाक मारतंय. लाडाने. ती काहीतरी म्हणाली. तो थांबला, तिचं सगळं ऐकून घेतलं. ती हसली. गाढवा, ओरड—

हात चालतोय अजून. मोठ्या अक्षरांत लिहितो, खिडकीतून दाखवतो—

वेनिंग, प