मेंढीच्या वर्षातली सून

लिनफेन,
२७ जानेवारी २०२६

प्रिय रुईजूताई,

तुला आणि दाजींना नमस्कार. दाजींचे गुडघे थंडीत फार छळत नाहीत ना?

आईच्या अंत्यविधीनंतर मी तुला फोन केला नाही. तू जे बोललीस त्याचा राग आला होता. आता तो गेलाय. पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र.

काल बाराव्या महिन्याच्या आठवीची सणाची खीर केली, लसूण शिरक्यात मुरत घातला. शेवयांचं दुकान बरं चाललंय. तुझ्या भाच्याने, लीपेंगने लग्न ठरवलंय. मुलीचं नाव जिंगयी. तीन नोकऱ्या सोडून आता लहान मुलांना पोहायला शिकवते. परवा पहिल्यांदा दुकानात आली. पाहुणी म्हणून बसवली, तर उठून गिऱ्हाइकांना वाडगे नेऊन द्यायला लागली. एक सांडलासुद्धा, आणि तीच मोठ्याने हसली. लीपेंगच्या बापाला, शेनला म्हणाली, "काका, तुम्ही फक्त सणालाच हसता का?"

शेनने जन्माच्या सालाचा प्राणी विचारला. "घोडा!" पोरगी छाती काढून म्हणाली, "येतंय ते माझंच वर्ष!"

ती गेल्यावर शेन सुरू झाला. "मी उंदीर. उंदीर आणि घोडा एका छपराखाली? अशी सून आमच्या आईने दारातूनच परत लावली असती."

"लीपेंग वाघाच्या वर्षातला. त्याचं जमेल की घोड्याशी."

"त्याचं जमेल, माझं काय? घोड्याच्या बायका घरात टिकत नाहीत. तोंड उघडं, पाय बाहेर. आज प्रेम, उद्या रुसवा. तुझं बघ. मेंढीच्या वर्षातली. पस्तीस वर्षांत आवाज चढवला नाहीस. रविवारी ती येईल तेव्हा तूच समजावून परत पाठव."

ताई, मी तिला काय समजावणार? तुला ठाऊक आहे, मी मेंढीची नाही. आईने सणाचे सारण भरलेले मोदक उकळत्या पाण्यात सोडले आणि मी जन्मले. घोड्याच्या वर्षाची ती शेवटची दुपार होती. पुढे उंदराच्या वर्षातलं शेनचं स्थळ आलं, तेव्हा मध्यस्थबाई आईला म्हणाली, "एक दिवस पुढचा सांगा, मेंढीचं वर्ष लागतं; कोण मोजतंय?" कुणीच मोजलं नाही. दर बारा वर्षांनी माझं खरं वर्ष आलं की त्याचं अरिष्ट टळावं म्हणून आई लाल कमरपट्टा रजईत शिवून पाठवायची, आणि मी तो कपड्यांच्या आत बांधायची. 'मेंढीचं कातडं किती दिवस पांघरणार?' असं तू अंत्यविधीला विचारलंस, ते मला उगाच लागलं नाही.

खरं सांगू? त्या प्राण्यांवर माझा फारसा विश्वास नाही. तू सशाच्या वर्षातली, आणि गल्लीतला एकही माणूस तुझ्याशी भांडून जिंकलेला नाही! पण मेंढी म्हणवून घेतलं की माणूस मेंढी होतो. राग आला की मी कणीक मळायची. बाजारातून येताना पाय लांबच्या रस्त्याला वळायचे, तर मीच त्यांना दटावायची. त्या पोरीचं हसू ऐकलं आणि मला तिचा हेवा वाटला. फार वाटला.

आज सकाळी मी शेनला सांगून टाकलं. गिऱ्हाइकांसमोर. कणकेचा गोळा खांद्याशी धरून तो सुरीने उकळत्या पाण्यात शेवया तासत होता. हात थांबला. "म्हणजे माझी आई फसली?" म्हणाला.

"आई फसली, तूही फसलास. आणि पस्तीस वर्षं घोड्याबरोबर सुखाने जेवलास."

कोपऱ्यातला म्हातारा गिऱ्हाईक खो खो हसला. शेन हसला नाही. दुपारी जेवला नाही. आता पाठ करून बसलाय. मला त्याची भीती वाटत नाही, त्याच्या गप्प बसण्याची वाटते. हा माणूस मला आवडतो, ताई, हेही तुलाच सांगते.

दोन लाल पट्टे पाठव. स्वतःचा स्वतः घ्यायचा नसतो, आणि मला देणारी आता तूच मोठी उरलीस. दुसरा जिंगयीसाठी. या वेळी रजईत शिवू नकोस.

रविवारी त्याने तिला आत घेतलं तर बरंच. नाही घेतलं, तर मी दाराबाहेर तिच्या शेजारी उभी राहीन, तो आम्हा दोघींना बोलावीपर्यंत.

वर्षाच्या शेवटच्या दुपारी जन्मलेली, तुझी धाकटी,
रुईफेन