निळ्या शाईचा दोन

प्रिय थोरल्या,

मी चौथीपर्यंतच शिकलेलो आहे. पत्रात कोठे चूक आढळल्यास ती सुधारून वाचावी. तुझी आई गेली, त्यानंतर तू परत निघालास तेव्हा सर्वांशी बोललास. मला मात्र चपला घालता घालता नुसते "येतो" म्हणालास. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तुझी भाची आता नववीत आहे. शाळा सुटली की ती दुकानात, दुरुस्तीला आलेल्या तराजूंच्या गर्दीत, अभ्यासाला बसते. परवा ती रासायनिक समीकरणे संतुलित करीत होती. दोन्ही बाजूंचे अणू सारखे भरले पाहिजेत, एवढे ऐकून मी चष्मा लावला. हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून पाणी. डावीकडे ऑक्सिजनचे अणू दोन, उजवीकडे एकच. मी म्हणालो, पाण्यातल्या ऑक्सिजनच्या पायाशी बारीक दोन लिही, झाले. ती खदखदून हसली. "अहो आजोबा, खालच्या आकड्याला हात नाही लावायचा! मग ते पाणी नाही राहत, जखम धुवायचं औषध होतं. प्याल का?" तिने पाण्याच्या आधी दोन लिहिला, हायड्रोजनच्या आधी दोन लिहिला, आणि काटा मधोमध आला.

हीच चूक मी पूर्वी केली आहे, हे तुला सांगायला नको. त्या संध्याकाळी तू वही घेऊन आलास आणि म्हणालास, "बाबा, हा काटा जुळत नाही, बघता का जरा?" तुझ्या शाळेतली गोष्ट प्रथमच माझ्या धंद्यातली निघाली. हलक्या पारड्याच्या बुडाशी शिसे चिकटवून पासंग काढण्यात माझा जन्म गेला; त्याच हाताने मी निळ्या शाईचा दोन खाली चिकटवला. तुझ्या आईला हाक मारून म्हणालो, "बघ, तुझा नवरा विज्ञान शिकवतो आहे." ती म्हणाली, "शिकवा, पण आधी हात धुवा."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मला बोलावले. वर्गासमोर वही पुढे केली. "हा म्हणतो, हे तुम्ही लिहिलंत. मला तर कुणा अडाण्याचं काम दिसतं." चाळीस मुले माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, "माझे अक्षर नव्हे." तू खोटारडा ठरलास. वर्षभर मागच्या बाकावर बसलास. पुन्हा एकही वही मला दाखवली नाहीस, आणि मीही मागितली नाही.

काल सदऱ्याचे बटण शोधण्यासाठी तुझ्या आईचा शिलाईचा डबा उघडला. तळाशी ती वही होती. शेवटच्या पानावर तुझ्या अक्षरात, पेन्सिलीने लिहिलेले तेच समीकरण आहे. दोन्ही दोन आधी, अगदी बिनचूक. वर त्याच दिवसाची तारीख आणि "तास चौथा" असे लिहिलेले. म्हणजे संध्याकाळी माझ्याकडे येण्यापूर्वीच तुला ते येत होते. तरी तू आलास, मला विचारलेस, आणि माझा दोन खोडला नाहीस.

कशासाठी, ते आता कळते, लिहवत नाही. मास्तर हयात नाहीत. ती चाळीस मुले मी आता कोठून गोळा करू? तुझ्या भाचीला मात्र आज सर्व खरे सांगितले. या वेळी ती हसली नाही. एवढे कर, पुढची दोन वाक्ये तुझ्या मुलांना ऐकू जातील अशा आवाजात वाच. तो दोन मी लिहिला होता. ते अक्षर माझे होते.

तुझाच,
बाबा