चर्चच्या दारातली जाड वही

५ सप्टेंबर, सोमवार
ठरलं. फ्लोरी चांगल्या शाळेत जाणार. टेकडीखालच्या शाळेत नाही. त्या शाळेने मला काय शिकवलं? सोळा पुरी व्हायच्या आत मी तिला सोडलं की तिने मला, हे अजून ठरायचंय. आज मी कुत्र्यांना आंघोळी घालते. दुकान स्वतःचं आहे, तक्रार नाही. पण पोरीच्या हाताला ओल्या कुत्र्याचा वास येता कामा नये.
क्लाइव म्हणाला, अगं, नऊ वर्षांची आहे ती, मोठी शाळा अकराव्या वर्षी. म्हटलं, म्हणूनच. नवरे नेहमी उशिरा जागे होतात.

७ सप्टेंबर
फीवाल्या शाळेचं पत्रक आणलं. क्लाइव म्हणाला, घर विकलं तर दोन वर्षं निघतील, तिसऱ्या वर्षी आपण शाळेच्या बागेत तंबू ठोकू. पत्रक कुत्र्याच्या पिंजऱ्यात अंथरलं. गुळगुळीत कागद, पाणी शोषत नाही. त्या कामाचंही नाही.

९ सप्टेंबर
ग्रामर शाळेला फी नाही, पण प्रवेश परीक्षा आहे. नमुना पेपर आणला. आकृती उलटी फिरवली तर कशी दिसेल? फ्लोरीने कागदच फिरवला आणि म्हणाली, अशी. बरोबरच आहे की! मीही सोडवला. वीसपैकी चार. उत्तरं चुकीची छापलीत. छापखान्याला फोन करणार होते, पण वेळ कुणाला आहे.

११ सप्टेंबर, रविवार
सेंट क्विलिन चर्चची शाळा. फी नाही, परीक्षा नाही. वर्षभर रविवारी चर्चला जायचं, पाद्रीबाई अर्जावर सही करतात, पोरगी आत. नियमांची अकरा पानं आहेत. अर्धं पान वाचलं, मुद्दा कळला. बाकी नुसतं पाल्हाळ.
महिन्यातून दोनदा गेलं तरी चालतं म्हणे. मी दर रविवारी जाणार. देवालाही कळू दे, गाठ कोणाशी आहे.

१८ सप्टेंबर, रविवार
पहिली हजेरी. दारातच टेबल, त्यावर जाड वही, दोरीने बांधलेलं पेन. नाव, गाव, शेरा. मोठ्या अक्षरात लिहिलं: ग्लेंडा हॅरप. शेरा: 'बाक कडक. थंडी. फ्लोरी फुटबॉलला गेली आहे.' देवाच्या दारात खरं तेच लिहावं.
माझ्या वरचं नाव जर्मनीचं. खिडक्या सुंदर आहेत म्हणे. एका शाळेसाठी जर्मनीहून येतात! वाटलं होतं त्यापेक्षा चढाओढ जास्त आहे.
पलीकडे टोपलीत पिवळ्या चिठ्ठ्या. समोरच्या घरातली लॉरेन पिकेट, फ्लोरीच्याच वयाच्या तिच्या ऑलिव्हरला हाताला धरून, घाईघाईने एक भरत होती. सोडत असणार. मी असल्या फंदात पडत नाही.

१६ ऑक्टोबर
फ्लोरीने विचारलं, मीपण येऊ का? म्हटलं, तू खेळ. दोघींनी कशाला गारठायचं? अर्ज मी भरणार, सही मी आणणार.
म्हणाली, आई, टेकडीखालच्या शाळेत मुलींचा संघ आहे. सेंट क्विलिनमध्ये नाही. म्हटलं, तिथे गायनवृंद आहे. पोरगी कावळ्यासारखी गाते, पण शिकवतील की. नाहीतर शाळा हवी कशाला?

४ डिसेंबर
प्रार्थनेनंतरच्या चहाचं काम माझ्याकडे आलं. म्हणजे मी घेतलं. आधी म्हातारा बेल्टन करायचा, चहाच्या एका पिशवीत सहा कप. आज एक आजी म्हणाल्या, बाई गं, यात चमचा उभा राहतोय. म्हटलं, प्या, म्हणजे तुम्हीही उभ्या राहाल. दुसरा कप मागितला त्यांनी.
वहीत आज जपानची दोन कुटुंबं. क्लाइव म्हणाला, जपानमध्ये शाळा नाहीत का गं? म्हटलं, असतील, पण सेंट क्विलिन नाही ना.

१९ फेब्रुवारी
शेरा: 'छत गळतंय, बादली डावीकडे सरकवा. प्रवचन चौदा मिनिटं, दहा पुरे. फ्लोरी फुटबॉलला, मागचा सामना ३-१ जिंकली.'

२६ फेब्रुवारी
बादली डावीकडे. प्रवचन दहा मिनिटं. पाद्रीबाई वही वाचतात! सही खिशात आहे असंच समजा.

९ एप्रिल, ईस्टर
पाद्रीबाईंच्या कुत्र्याला काल फुकट आंघोळ घातली. लाच नव्हे. कुत्रा खरंच घाण होता.
लॉरेन महिन्यातून मोजून दोनदा येते, चहाला थांबत नाही. पण पिवळी चिठ्ठी चुकत नाही. बिचारीला अजून एकदाही काही लागलेलं नाही. आज म्हटलं, अगं, कोणाकोणाचं नशीबच नसतं. ती नुसती हसली. हसू दे.

१७ सप्टेंबर, रविवार
वर्ष पुरं. सर्दीने एकच रविवार चुकला, त्याचं कारण पुढच्या आठवड्यात शेऱ्यात लिहिलं होतं. सेंट क्विलिनचा गणवेश बघून आले. बाह्या वाढत्या मापाच्या घ्यायच्या.

२५ ऑक्टोबर, बुधवार
अर्ज घेऊन पाद्रीबाईंकडे. चहा दिला, पाणचट. मग त्यांनी एक खोकं उघडलं. आत पिवळ्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे, आडनावांप्रमाणे लावलेले. पिकेटचा होता. हॅरपचा नव्हता.
म्हणाल्या, ग्लेंडा, तुमच्या चिठ्ठ्या कुठे आहेत? म्हटलं, मी सोडत खेळत नाही.
त्यांनी पिकेटचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. मग म्हणाल्या, अहो, ती हजेरी आहे. म्हटलं, मग माझी वही? ती पाहुण्यांची म्हणे. बाहेरगावचे लोक खिडक्या बघायला येतात, त्यांच्यासाठी.
मी हार मानणारी नव्हे. म्हटलं, आणा ती वही. दोन निघाल्या. सत्तावन्न रविवार, माझ्या हातचे. पाद्रीबाई म्हणाल्या, खरंय, इतके रविवार तर मीही येत नाही, मला सुट्टी असते. आम्हाला वाटलं, तुम्हाला मतं मांडायची हौस आहे. पेन उघडलं. माझा जीव भांड्यात पडला.
मग वाचायला लागल्या. 'फ्लोरी फुटबॉलला.' 'फ्लोरी फुटबॉलला.' 'फ्लोरी फुटबॉलला, गुडघा फुटला.' 'फ्लोरी झोपली आहे.'
पेन बंद केलं. नियमांचं पान नववं: हजेरी मुलाची धरतात.
एकदा तरी आली असेल हो, म्हणाल्या, अगदी काकुळतीने. आठवलं! नाताळ! घाईघाईने पान काढलं. 'फ्लोरी आली आहे. गाडीत बसली आहे.'
खरं तेच लिहावं, हे मला कोणी सांगितलं होतं?

१ मार्च, शुक्रवार
टेकडीखालची शाळा. प्रवेशाचा ईमेल वाचून फ्लोरीने सोफ्यावरून उडी मारली ती थेट क्लाइवच्या चहात. दोघं हसत होते. मला हसू आलं नाही. थोडं आलं.
ऑलिव्हरला सेंट क्विलिन. लॉरेन सांगायला आली. ग्लेंडा, तू एवढं केलंस गं, वाईट वाटतं. म्हटलं, तुझी सोडत लागली, केक आण. आता रविवारी जाणार का, विचारलं. म्हणाली, छे, आता कशाला!
मीही नाही. देवाची नि माझी फारकत. रविवारी दहापर्यंत झोपणार.

३ मार्च, रविवार
सकाळी ६.१०. जाग आली. उठणार नाही.
८.३०. फ्लोरी सामन्याला गेली. जाताना म्हणाली, आई, आज चर्चमध्ये चहा कोण करणार? म्हटलं, मला काय त्याचं.
९.१५. बेल्टन करणार. एका पिशवीत सहा कप.
९.४०. फक्त किटली लावून परत येणार.
दुपारी १२.३०. वही समोरच होती, म्हणून लिहिलं. नाव: ग्लेंडा हॅरप. गाव: पलीकडची गल्ली. शेरा: 'छत अजून गळतंय. आज चहा चांगला होता. फ्लोरी फुटबॉलला.'