स्टेफीच्या नावावरचे तीन हिट

दोहा, २७ जानेवारी २००१

प्रिय बाबा,

देव तुम्हा दोघांना सुखात ठेवो. मी बरी आहे, वेळेवर जेवते. आईनं साखर तपासून घेतली का?

आमच्या सॉफ्टबॉल संघानं अर्ध्या हंगामात सहापैकी चार सामने जिंकले. त्यातले तीन चेंडू टाकणाऱ्या नव्या पिचरनं, नंदाखाल गावच्या स्टेफीनं जिंकून दिले. मी टाकलेल्या तीनपैकी दोन हरलो. तिचा चेंडू खरंच वेगात येतो, बाबा. बघून माझा जळफळाट होतो.

ती टाकते तेव्हा आमचे कोच, तुमचे दोस्त चार्ल्स अंकल मला म्हणतात, "ग्रॅज्युएट बाई, तुम्ही स्कोअरची वही सांभाळा." सगळ्या हसतात.

काल सामन्याला अंकल नव्हते, ड्यूटीवर होते. आमच्या मुलींच्या हातून तीन सोपे चेंडू सुटले. तेव्हा वहीत त्या मुलींची चूक लिहायची असते. मी तिन्ही वेळा हिट, म्हणजे समोरचीनं चांगला फटका मारला असं लिहिलं, त्यामुळे दोष स्टेफीवर गेला. सामना कसाबसा जिंकल्यावर तिनं वही पाहिली. "रेनिटा, इतका वाईट टाकला का गं मी चेंडू?"

"होतं कधीकधी," मी म्हटलं.

आज वही बघून अंकलनी उरलेल्या हंगामासाठी मला पहिली पिचर केलं. हे पत्र मिळेपर्यंत त्यांनी तुम्हाला फोनवर सांगितलं असेल, तुम्ही गावभर केलं असेल. उद्या मी वही दुरुस्त करून त्यांना देणार आहे. स्टेफीला मात्र काय सांगू, ते कळत नाही.

आईला माझी आठवण सांगा.

तुमची,
रेनिटा