दोघेही हार्म्स

१२ ऑक्टोबर

पुन्हा बाकावर! बचावात मधोमध यानेस, आणि मी कोट गुंडाळून राखीव खेळाडूंत. चेंडूला नीट लाथ मारायला मीच शिकवलं त्याला — आईच्या अंगणात, कपड्यांच्या दोरीखाली. तो तेवीसचा, मी एकतीसचा. धाकट्या भावाचं कौतुक करायचं असतं. करतोच की! तोंडाने.

सामन्याआधी निवेदक फक्त पहिलं नाव पुकारतो, आडनाव अख्खं मैदान ओरडतं. 'यानेस...' म्हटलं की 'हार्म्स!' — छाती हादरते. शेवटी राखिवांत 'टोर्बेन...' येतं, तोवर लोक बिअरकडे वळलेले. अरे, आडनाव माझंही तेच आहे!

उन्हाळ्यात करार संपतोय. बाकावर बसणाऱ्याचा कोण वाढवणार?

१३ ऑक्टोबर

जळतो मी त्याच्यावर. लिहून टाकलं. बास.

९ नोव्हेंबर

आईकडे जेवण. केलची पालेभाजी, बटाटे, सॉसेज. मोठं सॉसेज यानेसच्या ताटात — 'त्याला उद्या खेळायचंय.' आणि मी काय, उद्या झोपा काढणार? विबकेने टेबलाखालून पाय दाबला. परतताना म्हणाली, सॉसेजवरून काय रुसतोस लहान मुलासारखा! बायकोला काय सांगू.

यानेस निघताना विचारतो, 'गुडघा कसा आहे रे?' माझी जागा बळकावून वर चौकशी!

७ डिसेंबर

आज चुकला. समोरचा त्याच्या पाठीमागून निसटला, गोल बसला. मी मान खाली घातली, कारण हसू येत होतं. शरम वाटली. नंतर, थोडी.

२२ जानेवारी

यानेसला पहिल्या श्रेणीतल्या बड्या संघाने मागणी घातलीये! आधी वाटलं, तिथे मी कधीच पोचलो नाही. मग डोक्यात उजेड पडला. जागा रिकामी! प्रशिक्षक म्हणाले, तो गेला की पुढच्या सामन्यापासून तू. विबकेला उचलून गोल फिरवलं.

३० जानेवारी

त्याचं निरोपाचं जेवण होतं. पाठ दुखतेय म्हणून कळवलं. दुखत नव्हती.

४ फेब्रुवारी

पूर्ण सामना खेळलो, एकही गोल होऊ दिला नाही! आणि आज 'हार्म्स!' ओरडले ते फक्त माझ्यासाठी. आता करार वाढतोच.

१० फेब्रुवारी

संघाच्या संचालकांनी, फोसनी, बोलावलं. मी नवा शर्ट घालून गेलो. करार वाढणार नाही म्हणाले. मी भांडलो — शनिवारी बघितलंत ना? दोन वर्षांपूर्वी गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असतानासुद्धा करार वाढवलात, मग आत्ताच काय झालं?

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

'टोर्बेन, तेव्हा यानेसने अट घातली होती. भावाला ठेवाल तरच मी राहीन. आम्हाला तो हवा होता. मला वाटलं, तुला माहीत असेल.'

दोन वर्षं रोज माझ्या शेजारी बसून बूट चढवत होता. एका शब्दाने बोलला नाही. एकदा जरी ऐकवलं असतं ना, तर आज निदान त्याच्यावर चिडता तरी आलं असतं.