वारुळापाशी अनवाणी

बाबा, त्या सकाळी मी चूल पेटवली, विहिरीवरून दोन कळश्या आणल्या, पोदेराकडून पाव घेतले. हे आपल्या पाळी गावच्या खाणीवरची रात्रपाळी करून आले, मागच्या दारात लाल चिखलाचे गमबूट काढले आणि अनवाणीच परसात गेले. तुम्ही गेल्यापासून वारुळाला फूल वाहायचं काम त्यांनीच घेतलं होतं. मी चहा गाळते आहे आणि ते पाय धरून दारात बसले आहेत. म्हणतात, "पाचोळ्यात नाग होतो गो. माझोच पाय पडलो." खाणीचा ट्रक डिचोलीच्या इस्पितळात पोचेपर्यंत त्यांची जीभ जड झाली होती.

लहानपणी एकदा मी चपला घालून वारुळापाशी निघाले, तर तुम्ही मला अर्ध्या वाटेवरून परत पाठवलंत. "वारुळातली देवी, सातेरी ती. तिच्या दारात पायताण नाय." नाग तिचा राखणदार, त्याला मारायचं नाही, हेही तेव्हाच सांगितलंत. तुमचा जावई तुमचाच शब्द पाळत होता, बाबा. पाळला नसता तर पायात जाड रबर असतं.

गोवा राज्य झालं तेव्हा शाळेत वाटलेला पेढा माझ्या मुलीने घरी आणून त्यांच्या फोटोपुढे ठेवला. त्याच संध्याकाळी त्यांच्याबरोबर ट्रक चालवणारा शेजारी रॉकेलचा डबा घेऊन आला. "वैनी, एक नाग मारून भागाचा नाय. ह्यांचो वंशच संपवूक होयो. आधी ह्या वारूळ."

"आणि सातेरी?"

"तुझो घोव गेलो तेव्हा खंय होती ती?"

खरं म्हणजे मलाही तेच हवं होतं. हा एकच नव्हे, एकही नाग नको. पाळीत नको, जगात नको. उंदीर माजतील म्हणतात. माजू देत. उंदरांनी माझं भात खाल्लं असतं, एवढंच. वाचनालयाच्या पुस्तकात वाचलं की सापाच्या विषावरचं औषध त्याच्याच विषापासून करतात. वाचून आणखी चिडले. साप उरलाच नाही तर औषध कशाला लागेल? पण ते सगळे संपेपर्यंत कुणाकुणाला चावतील, आणि त्यांच्यासाठी विष कुठून आणायचं? मुलगी त्याच परसात खेळते. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही गप्प बसला असता. त्याचाच जास्त राग येतो.

डबा मी ठेवून घेतला, म्हटलं, उद्या मीच बघते. हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? तुमच्या तोंडावर बोलायला जमलं नसतं, म्हणून लिहिलं. डबा अजून परत दिलेला नाही.

डबा आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी यांचे गमबूट घातले, दारापासून वारुळापर्यंतचा सगळा पाचोळा ओढून काढला आणि बूट न काढता फूल ठेवलं.