दोन बोटांचा नमस्कार

कडोदरा,
शुक्रवार, दुपार

प्रिय जयू,

पत्र बघून घाबरू नकोस. घरी सगळे धडधाकट आहेत आणि माझी जीभही जागेवर आहे. मायला आता पत्र कुठून सुचलं, असं म्हणशील. अगं, तू गेलीस तेव्हाच तुझ्या आबांनी मला शपथ घातली, की जयूशी फोनवर बोलायचं नाही आणि तिच्या दारी जायचं नाही. तीन वर्षं मी ती पाळली. पण पत्राचं ते काहीच बोलले नव्हते! हे मला परवा भाकरी थापताना सुचलं आणि स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली. अमळनेरला दहावीपर्यंत शिकले ती काय उगाच? सुरतेतलं तुझं कतारगाम इथून रिक्षाने तासाभरावर, आणि मी पोटच्या पोरीला पोस्टाचं तिकीट लावून लिहितेय. हसू येतं बाई, आणि लगेच रडूही येतं.

आधी घरची खबर सांगते. तू गेल्यावर खानावळीत पोळ्यांना शोभाबाई ठेवली आहे. हाताला बरी आहे, पण तोंड तिचं गाडीच्या भोंग्यासारखं. आबांचा गुडघा दुखतो, पण डॉक्टरकडे चला म्हटलं की दुखायचा थांबतो. आणि सगळ्यात मोठी खबर म्हणजे दोन महिने आपल्या खानावळीत एक चिनी माणूस जेवत होता. खरंच सांगते. आबांच्या कारखान्याच्या शेठने जानेवारीत चीनहून चोवीस नवी वॉटरजेट मशीनं आणली, पाण्याच्या फवाऱ्यावर कापड विणणारी, ती बसवायला तिकडून आलेला. नाव लिन. चाळिशीचा, किडकिडीत, चष्मा नाकावरून सारखा घसरणारा. येताना बॅग भरून नूडल्सची पाकिटं घेऊन आला होता, ती पंधरा दिवसांत संपली. मग हॉटेलातलं पनीर खाऊन त्याचं पोट बिघडलं. तेव्हा शेठ आबांना म्हणाले, निंबाभाई, तुम्ही फोरमन, माणूस तुमच्या हाताखाली, आता त्याचं जेवणही तुम्हीच बघा. हे आले त्याला घेऊन, मला न विचारता. चीनचा म्हटल्यावर शोभाबाईने लाटणंच खाली ठेवलं. तिला वाटलं, हा आता बेडूक मागतो की काय. त्याने मागितला मऊ वरणभात.

आता माझा मूर्खपणा ऐक. पहिल्या दिवशी मी त्याच्या पेल्यात पाणी ओतलं, तर याने दोन बोटं दुमडून टेबलावर टकटक केलं. वरण वाढलं, पुन्हा टकटक. तुला माहीत आहे, माझ्या खानावळीत टेबल वाजवणाऱ्याला मी दुसरी पोळी वाढत नाही. हायवेवरचे ड्रायव्हर असे वाजवतात, ए बाई, आण लवकर, म्हणून. मी म्हटलं, परदेशातून आलास म्हणून काय झालं? दुसऱ्या दिवशी त्याला सगळ्यांच्या शेवटी वाढलं. तरी टकटक. तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं आणि त्याच्या ताटात हिरव्या मिरचीचा ठेचा वाढला, चांगला मोठा गोळा. बिचाऱ्याने भाजी समजून खाल्ला गं! कान लाल, डोळ्यांतून पाणी. मी पेला भरला, त्याने टकटक केलं. रागाने पुन्हा भरला, पुन्हा टकटक. चार पेले झाले. शेवटी मी तांब्या आपटला आणि विचारलं, मी काय तुझी नोकर आहे का रे?

त्याच्या मोबाइलमध्ये एक बाई आहे, ती त्याचं बोलणं हिंदीत सांगते आणि आपलं त्याला चिनीत. इतकं शुद्ध हिंदी की आपल्यालाच लाज वाटावी. ती बाई माझं बोलणं त्याला काय म्हणून बोलली कोण जाणे, पण तो ताडकन उभा राहिला, हात जोडले आणि मग बराच वेळ मोबाइलशी बोलत राहिला. त्याच्या गावाकडे, दक्षिणेला समुद्रकाठी, एक गोष्ट सांगतात. एक राजा साधे कपडे घालून प्रजा कशी राहते ते बघायला निघाला. चहाच्या दुकानात बसल्यावर राजाने स्वतःच्या हाताने आपल्या नोकराला चहा ओतला. आता नोकर काय करणार? राजापुढे कपाळ जमिनीला टेकवायचं, हा रिवाज. टेकवावं तर राजा ओळखला जातो, न टेकवावं तर बेअदबी होते. मग त्याने दोन बोटं गुडघ्यांसारखी दुमडली आणि टेबलावर टेकवून नमस्कार केला. तेव्हापासून तिकडे कुणी चहा ओतला की बोटांनी असा नमस्कार करायचा. गोष्ट खरी की खोटी त्याला माहीत नाही, त्याच्या आजीने सांगितलेली. मी खालीच बसले, जयू. तीन दिवस माणूस मला नमस्कार करत होता आणि मी त्याला ठेचा वाढत होते!

त्या दिवसापासून तो आमचा लिनभाऊ झाला. आबांशी त्याचं असं जमलं की काय सांगू. दोघं मशीनखाली आडवे पडून तासन् तास हातवारे करायचे, मोबाइलच्या बाईची गरजसुद्धा लागायची नाही. एकदा मोठा बीम, सुताचा लांब रूळ, दारातून आत जाईना, सगळे आरडाओरडा करताहेत, तर लिनभाऊ हसतच सुटला. त्यांच्याकडे फार जुना विनोद आहे म्हणे. एक माणूस लांबलचक बांबू घेऊन शहराच्या वेशीपाशी आला. उभा धरला, जाईना. आडवा धरला, जाईना. तेवढ्यात एक पिकल्या दाढीचा म्हातारा आला आणि म्हणाला, बाबा, मी काही मोठा ज्ञानी नाही, पण दुनिया पाहिली आहे, मधोमध कापून टाक ना! आणि त्याने कापला. हे ऐकून तुझे आबा इतके हसले की धोतराने, म्हणजे आता पँट आहे, तर बाहीने डोळे पुसले. तीन वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. तू गेल्यापासून म्हणायचं आहे मला.

फेब्रुवारीत त्यांचं नवं वर्ष आलं. त्या दिवशी सगळ्यांनी घरी पोचायचंच, आपल्याकडे अक्षय तृतीयेला, आखाजीला, लेकी माहेरी झोके खेळायला येतात तसं, पण मशीनं अडली होती म्हणून त्याला जाता आलं नाही. मी खापरावरचे मांडे केले. जेवायच्या आधी त्याने बापाला व्हिडिओ कॉल लावला. म्हातारा पडद्यावर आला, मुलाकडे बघितलं, काहीतरी एकच वाक्य बोलला आणि फोन दुसऱ्याच्या हातात दिला. आबांनी विचारलं, काय म्हणाले? लिनभाऊ म्हणाला, जेवलास का, असं विचारलं. बस, एवढंच? तर म्हणे आमच्याकडे बाप एवढंच विचारतात, सगळं त्यातच येतं. आबा मांडा मोडत बसले. पण दोन दिवसांनी हात धुताना, भिंतीकडे तोंड करून मला विचारतात कसे, कतारगामला ज्वारी बरी मिळते का गं? मी म्हटलं, मला काय माहीत, मला तर बोलायची बंदी आहे. आणि पदराआड जाऊन रडले, आनंदाने.

मग एका सुट्टीच्या दिवशी गप्पा निघाल्या. आबांनी विचारलं, तुमच्याकडचे लोक आम्हाला काय समजतात? लिनभाऊ म्हणाला, आता तर सगळं मोबाइलवर दिसतं, पण पूर्वी आम्हाला वाटायचं की आमचा देश पृथ्वीच्या मधोमध आहे आणि जितकं लांब जावं तितकी माणसं विचित्र होत जातात. आजी त्याला सांगायची, समुद्रापलीकडे एका देशात माणसांच्या छातीला आरपार भोक असतं, त्यातून काठी घालून मोठ्या माणसांना पालखीसारखं उचलून नेतात. कुठे एका पायाची माणसं, कुठे इतक्या लांब हातांची की काठावर उभं राहून समुद्रातले मासे धरतात. तो इकडे निघाला तेव्हा नव्वदीच्या आजीने डोळा मारून सांगितलं, भोक दिसलं तर फोटो पाठव. शोभाबाईने पटकन स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि मी हसून हसून वाकले. तुझे आबा हसले नाहीत. का, ते तुला सांगायला नको. रंजन आणि तू हार घालून दारात उभे होतात, तेव्हा ते काय ओरडले होते ते सगळ्या चाळीने ऐकलंय. हे ओडिशाचे लोक परके, यांच्या छातीत काळीज नसतं. ज्या पोराला स्वतः हाताला धरून मागावर शिकवलं, ज्याने चार वर्षं माझ्या हातचं खाल्लं, त्याला म्हणाले. आणि तुला म्हणाले, मन्हासाठे तू मरी गई. मी तेव्हा गप्प बसले, त्याची लाज मला अजून वाटते. माफी मागते तुझी, जयू. मागायला तीन वर्षं लागली.

मार्चमध्ये चौदा नंबरचं मशीन सारखं बंद पडायला लागलं. लिनभाऊ थकला, शेठ चिडले. आणि घरी जेवता जेवता आबांच्या तोंडून निघून गेलं, रंजन असता तर अर्ध्या तासात दोष काढला असता, मशीनवर नुसता हात ठेवून कळायचं त्याला. नाव घेतलं गं त्यांनी! माझ्या हातातला डाव तसाच राहिला. मला वाटलं, हीच वेळ. मी फटकन बोलून गेले, त्या बांबूवाल्याला इतके हसलात, आपण वेगळं काय केलं? पोरगी उभी जाईना, आडवी जाईना, म्हणून मधोमध कापून टाकली. बोलायला नको होतं. अर्धं ताट टाकून ते उठले आणि दोन दिवस माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. मी म्हटलं, संपलं, सगळं मुसळ केरात. माझ्या जिभेने आजवर कुणाचं भलं केलंय?

गेल्या सोमवारी लिनभाऊ गेला. जाताना मला चहाचा डबा दिला आणि वाकून नमस्कार केला, या वेळी अख्ख्या कमरेतून. रिक्षात बसायच्या आधी आबांनी त्याला बाजूला नेलं आणि मोबाइलच्या बाईला काहीतरी विचारलं. त्या बाईशी हे ओरडूनच बोलतात, म्हणून मला ऐकू आलं. यांनी विचारलं होतं, तो नमस्कार फक्त लहानाने मोठ्याला करायचा असतो का? मोठ्या माणसाचं काही चुकलं, आणि तोंडाने सांगता येत नसलं, तर त्याने लहानाला केला तर चालतो? लिनभाऊने चष्मा वर सरकवला आणि म्हणाला, बोटांना वय कुठे असतं?

आणि आता, ज्यासाठी कागद घेऊन बसले ते. काल सकाळी मी लिनभाऊच्या डब्यातला चहा करायला ठेवला. आबा टेबलाशी बसले होते, समोर रिकामा कप. मी पाठ करूनच म्हटलं, आखाजी तोंडावर आली. तीन आखाज्या अंगणातल्या लोखंडी अँगलला झोका टांगला नाही, चाळीतल्या पोरी विचारतात. या वर्षी जयूला आणि जावयांना बोलावू का? स्टोव्हचा तेवढा फरफर आवाज. मी उगाच भांड्यातला चहा ढवळत राहिले. आणि मग ऐकू आलं, टक, टक. वळून बघितलं. मान खाली, डोळे टेबलावर, आणि दोन बोटं दुमडून टेकवलेली. मला वाटलं, चहासाठी करताहेत. पण जयू, चहा अजून भांड्यातच होता, मी ओतलाच नव्हता. ये गं. रंजनरावांना घेऊन ये, मांडे मी करते, झोका तुझे आबा टांगणार आहेत, सकाळीच दोर शोधत होते आणि मी पकडलं तर म्हणाले, उंदीर बघतोय. इथे आलीस की चहा तूच ओत, पहिला कप त्यांना. ते काही बोलायचे नाहीत, वर बघायचेही नाहीत. तू त्यांच्या तोंडाकडे बघू नकोस, बोटांकडे बघ.

वाट बघणारी, तुझीच,
माय